लघवीत रक्त : दुखत नाही म्हणून गप्प बसू नका

लघवी एकदा लालसर झाली, दुखले-खुपले काही नाही, दुसऱ्या दिवशी आपोआप स्वच्छ झाली. अशा वेळी ‘उन्हाळी लागली असेल’ म्हणून धने-जिऱ्याचे पाणी पिऊन गोष्ट विसरणारे रुग्ण माझ्या दवाखान्यात नेहमी येतात. स्त्रिया तर पाळीचे किंवा अंगावरचे समजून बोलतच नाहीत. वाचकहो, उन्हाळी लागली की जळजळ होते. जळजळ नसताना रक्त जाणे हे मूत्राशयाच्या कर्करोगाचे नेहमी आढळणारे पहिले लक्षण आहे. रक्त थांबते, गाठ वाढत राहते.

मूत्राशय म्हणजे लघवी साठवणारी पिशवी. तिला आतून पातळ अस्तर असते व त्याखाली स्नायूंचा जाड थर. रोग अस्तरात सुरू होतो. तो तेथेच असेल तर दुर्बिणीतून गाठ खरवडून काढता येते. पुन्हा होऊ नये म्हणून काही रुग्णांच्या मूत्राशयात बीसीजी सोडतात. होय, तान्ह्या मुलांना क्षयासाठी टोचतात तीच बीसीजी! कॅनडातील डॉ. मोरालेस यांनी १९७६ साली हा उपचार प्रसिद्ध केला. रोग स्नायूत शिरला तर मात्र अनेकदा पूर्ण मूत्राशय काढावे लागते.

याचे सर्वांत मोठे कारण तंबाखूचा धूर. गोंदिया-भंडाऱ्याकडे विडी वळून अनेकांची चूल पेटते, त्यामुळे ओढणाऱ्यांना तिची भीती वाटत नाही. पण धुरातील विषारी द्रव्ये फुप्फुसातून रक्तात, रक्तातून मूत्रपिंडात व तेथून लघवीत उतरतात आणि तासन्‌तास मूत्राशयाच्या अस्तराला लागून राहतात.

आता प्रथिनांविषयी. गाठीच्या तुकड्याच्या अहवालात कधी ‘पी-५३’, ‘केआय-६७’ असे शब्द असतात आणि नातेवाईक घाबरून विचारतात, ‘डॉक्टरसाहेब, किती दिवस?’ पी-५३ हे पेशीचे राखणदार प्रथिन. त्याचे जनुक बिघडले की सदोष प्रथिन पेशीकेंद्रात साचते. अमेरिकेत २४३ रुग्णांच्या अभ्यासात (१९९४) असे प्रथिन साचलेल्यांत रोग उलटण्याचे व मृत्यूचे प्रमाण जास्त आढळले. पुढे त्याच खुणेवरून औषध ठरवून पाहिले, तेव्हा २०११ च्या अहवालात फायदा दिसला नाही. केआय-६७ वरून किती पेशी विभागत आहेत, हे कळते. या खुणा गाठीचा स्वभाव सांगतात. एकट्या खुणेवरून रुग्णाचे भविष्य सांगता येत नाही. आजही सर्वांत महत्त्वाचे आहे ते गाठ किती खोल गेली आणि तिच्या पेशी किती उग्र आहेत हे. म्हणून अहवालात ‘तुकड्यात स्नायू आला का, त्यात रोग आहे का’ हे आधी विचारा.

काही प्रथिने औषधाचे लक्ष्यही ठरली आहेत. ‘नेक्टिन-४’ला चिकटून पेशीत विष सोडणारे औषध, प्रतिकारशक्ती जागवणाऱ्या औषधाबरोबर दिल्यावर, पसरलेल्या रोगात निम्मे रुग्ण ३१.५ महिन्यांहून अधिक जगले. जुन्या केमोथेरपीत हा आकडा १६.१ महिने होता (२०२४). हे आशादायक आहे, पण औषधे फार महाग आहेत. लवकर निदान त्याहून कितीतरी स्वस्त.

लघवीतील प्रथिनाच्याही चाचण्या आहेत. मात्र मुतखडा वा जंतुसंसर्गातही त्या सदोष येऊ शकतात व लहान गाठ निसटू शकते. म्हणून दुर्बिणीची तपासणी टाळू नये.

तेव्हा लक्षात ठेवा. लघवीत एकदा जरी रक्त दिसले तरी लघवीची तपासणी व सोनोग्राफी करा. सोनोग्राफी चांगली आली तरी, विशेषतः चाळिशीनंतर व विडी-सिगारेट ओढणाऱ्यांनी, मूत्ररोगतज्ज्ञांकडून दुर्बिणीने तपासून घ्या. नागपूरला एक फेरी पडेल, इतकेच. गाठ काढल्यावरही ठरलेल्या तारखांना तपासणी चुकवू नका, कारण हा रोग परतण्याची खोड असलेला आहे. आणि विडी आजच सोडा.