चीज पाठवू की डाळ?





गेल्या नाताळात शहरातील एका मंडळीच्या महिला मंडळाने आपल्या सातपुड्यातील बालवाडीसाठी चीजच्या वड्यांचे दोन खोके पाठवले. सोबत मंडळातल्या एका काकूंची चिठ्ठी होती. त्यांनी लिहिले होते, "तुमच्या प्रत्येक अंकात वाचते, मुलांना डाळ दिली, चणे दिले. आमची नातवंडे रोज चीज खातात. मग त्या लेकरांनी काय फक्त डाळीवरच वाढायचे? दर महिन्याला चीज पाठवायची आमची तयारी आहे. कळवा."

चिठ्ठी वाचून मन भरून आले आणि मी अडचणीतही पडले. इतक्या प्रेमाने विचारणाऱ्याला नुसते 'नको' कसे कळवायचे? मी धर्मशास्त्राची पदविका घेतलेली बाई, आहारतज्ज्ञ नव्हे. पण पाड्यांवर मुलांची वजने घेण्यात आणि त्यांच्या ताटात डोकावण्यात बरीच वर्षे गेली आहेत. काकूंना उत्तर पाठवले आहेच. असाच प्रश्न आणखी काही जणांनी विचारला, म्हणून ते इथे सविस्तर देते.

चीजमध्ये काय आहे?

प्रथम चीजचे गुण मान्य करू या. दूध नासवून, त्यातले पाणी काढून, मीठ घालून आणि मुरवून चीज तयार होते. साधारण दहा लिटर दुधाचे एक किलो घट्ट चीज होते. म्हणजे दुधाचा बराचसा कस लहानशा वडीत आलेला असतो. शंभर ग्रॅम चेडर जातीच्या चीजमध्ये सुमारे २५ ग्रॅम प्रथिने, ३३ ग्रॅम स्निग्ध पदार्थ, ४०० कॅलरी आणि ७०० मिलिग्रॅम कॅल्शियम असते. त्यात जीवनसत्त्व 'अ' असते आणि बी-१२ही असते. दुधातील प्रथिने आपले शरीर जवळजवळ पूर्ण वापरू शकते.

आता उणिवा. चीजमध्ये लोह नावापुरतेच, शंभर ग्रॅममध्ये एक मिलिग्रॅमहूनही कमी. चोथा मुळीच नाही. मीठ मात्र भरपूर, शंभर ग्रॅममध्ये दीड ते तीन ग्रॅम. मोठ्या माणसानेही दिवसाला पाच ग्रॅमपेक्षा कमी मीठ खावे असे जागतिक आरोग्य संघटना सांगते. मग लहान मुलांचा विचार करा.

डाळी-कडधान्यांत काय आहे?

शंभर ग्रॅम कोरडी तूरडाळ, मूग, मसूर किंवा कुळीथ घेतला तर त्यात २० ते २५ ग्रॅम प्रथिने मिळतात. आकडा चीजच्या बरोबरीचा दिसतो. शिवाय लोह चीजच्या कितीतरी पट, चोथा भरपूर आणि गरोदर मातेला अत्यंत गरजेचे असलेले फोलेटही. कुळथात कॅल्शियमही चांगले असते. स्निग्ध पदार्थ मात्र बहुतेक डाळींत एक-दोन ग्रॅमच, आणि बी-१२ अजिबात नाही.

पण इथे एक गोष्ट प्रामाणिकपणे सांगायला हवी. कोरडी डाळ कोणी खात नाही. शिजताना ती पाणी पिते आणि तिचे वजन दोन-अडीच पटींनी वाढते. त्यामुळे शंभर ग्रॅम घट्ट शिजलेल्या डाळीत प्रथिने उरतात सात ते नऊ ग्रॅम. खरी तुलना करायची तर ताटात पडते त्याची करावी. वीस ग्रॅमच्या चीजच्या एका वडीतून सुमारे पाच ग्रॅम प्रथिने मिळतात. तीस ग्रॅम डाळीच्या वाटीभर घट्ट वरणातून सुमारे सात ग्रॅम.

डाळीतील प्रथिने दुधातल्यांइतकी परिपूर्ण नसतात, हेही खरे. पण ज्वारी, मका, भात यांत जे कमी असते ते डाळीत भरपूर असते, आणि डाळीत जे कमी असते ते धान्यात असते. म्हणून तीन-चार वाटे तांदळाला एक वाटा डाळ घातलेली खिचडी, किंवा ज्वारीच्या भाकरीबरोबर उडदाची डाळ, ही जोडी एकमेकांची उणीव भरून काढते. आमच्या पाड्यांवरच्या आजीबाई ज्वारी-मक्याच्या ओळींमध्ये तूर, उडीद, चवळी पेरत आल्या आहेत. त्यांनी हे पुस्तकात वाचलेले नाही. या पिकांच्या मुळांवरच्या गाठी हवेतले नत्र जमिनीत धरून ठेवतात, त्यामुळे शेताचाही कस टिकतो.

माझी चूक

इथवर वाचून वाटेल की डाळ जिंकली. मलाही वाटत होते. काही वर्षांपूर्वी मी प्रत्येक घरी एकच सांगत असे, "लेकराला डाळ द्या."

एका पाड्यावर एक वर्षाची मुलगी होती. तिच्या दंडाला माप लावले की पट्टी पिवळ्या रंगावर यायची, म्हणजे घेर साडेअकरा ते साडेबारा सेंटिमीटरच्या मध्ये. तीन महिने वजन जागचे हलले नाही. आई सांगायची, "ताई, रोज डाळ देते." मी मनात म्हणायचे, ही खरे सांगत नसावी.

एक दिवस जेवणाच्या वेळी मी तिच्या घरी बसले. आईने पातेल्यातली डाळ न ढवळता वरचे पिवळे पाणी वाटीत घेतले आणि मायेने लेकीला पाजले. खालची डाळ मोठ्यांच्या भाकरीबरोबर गेली. बाळाला घट्ट पचत नाही, असे तिला वाटत होते. ती खोटे बोलत नव्हती. मीच तिला अर्धवट सांगितले होते. डाळीच्या पाण्याने बाळाचे पोट भरते, पण अंगाला फारसे काही लागत नाही. त्या रात्री प्रार्थनेत मी त्या आईसाठी नव्हे, माझ्यासाठी क्षमा मागितली.

लहान बाळाचे पोट त्याच्या मुठीएवढे. त्यात थोडक्या घासात जास्त ताकद जावी लागते. चीज इथेच सरस ठरते, कारण त्यात स्निग्धता आहे. मग आपल्या डाळीत ती कुठून आणायची? उत्तर आमच्याच शेतात होते. भुईमूगही शेंगवर्गातलाच. शंभर ग्रॅम शेंगदाण्यांत सुमारे २५ ग्रॅम प्रथिने, ४५ ग्रॅमहून अधिक तेल आणि साडेपाचशेहून जास्त कॅलरी असतात. चीजपेक्षाही जास्त!

तेव्हापासून आम्ही मातांना नुसते सांगत नाही, त्यांच्या चुलीवर करून दाखवतो. सहा महिने पूर्ण होईपर्यंत फक्त आईचे दूध. त्यानंतर दुधाबरोबरच चमच्यावरून ओघळणार नाही इतकी घट्ट, घोटलेली डाळ-खिचडी. त्यात चमचाभर तेल आणि भाजलेल्या शेंगदाण्यांचे अगदी बारीक कूट. अख्खे दाणे लहान मुलांना देत नाही, घशात अडकतात. बुरशी आलेले किंवा ओलसर दाणे टाकून देतो, त्यांत विष तयार होते. कडधान्ये रात्रभर भिजवून, शक्य तर मोड आणून शिजवतो, म्हणजे त्यांतले लोह अंगी लागायला मदत होते. वर लिंबू पिळतो, पेरू-आवळ्याच्या दिवसांत फळ देतो. जेवणाबरोबर चहा नको, तो लोह शोषू देत नाही.

त्या मुलीची पट्टी चार महिन्यांनी हिरव्यावर आली. आता ती बालवाडीत येते आणि ताट पुढे करून "अजून" म्हणते.

डाळीलाही मर्यादा आहेत

बी-१२ डाळीतून मिळत नाही. त्यासाठी अंडे, मासे, दूध लागते. आमच्या बऱ्याच घरांत गाय असते, पण तिचे दूध वासराचे मानतात. म्हणून आम्ही कोंबडी पाळायला प्रोत्साहन देतो. शासनाच्या अमृत आहार योजनेतही गरोदर व स्तनदा मातांना चौरस आहार आणि मुलांना अंडी देण्याची सोय आहे. ती प्रत्येक पाड्यापर्यंत पोहोचावी म्हणून आमच्या सेविका अंगणवाडीताईंना साथ देतात.

आणि ज्या मुलाच्या दंडाची पट्टी लाल दाखवते, त्याला ना चीज पुरेसे, ना डाळ. त्याला तातडीने रुग्णालयातील पोषण पुनर्वसन केंद्रात न्यावे लागते. अशा मुलांसाठी जगभर वापरले जाणारे तयार उपचारी अन्न प्रामुख्याने शेंगदाणा आणि दुधाची भुकटी एकत्र करून बनवतात. दूध आणि शेंग, दोघांची गरज तिथे एकदमच लागते.

मग काय पाठवावे?

नाताळातले चीज थंडीमुळे टिकले. काही मुलांनी थुंकून टाकले, काहींनी कागदसुद्धा चाटला. पण मार्चमध्ये आलेला खोका घाट चढून वर येईपर्यंत तेलकट झाला होता. इथे वीज बेभरवशाची आणि शीतकपाट नाही. शिवाय एक किलो चीजच्या पैशात तीन-चार किलो तूरडाळ किंवा पाच-सहा किलो हरभरे येतात. ते वर्षभर टिकतात, आणि आई ते उद्या स्वतःच्या शेतातून काढू शकते. चीज ती कुठून आणील?

म्हणून काकूंना मी लिहिले: चीज वाईट नाही. तुमच्या नातवंडांना आनंदाने द्या, मात्र मीठ बघून. आमच्यासाठी त्याच पैशांत डाळ, शेंगदाणे, तेल आणि अंडी घेऊ द्या. जूनच्या आधी जमले तर तूर, उडीद आणि भुईमुगाचे बियाणेही.

दुसऱ्या शमुवेलाच्या सतराव्या अध्यायाच्या शेवटी एक प्रसंग आहे. अबशालोमापासून पळालेला दावीद राजा महनाईम येथे पोहोचला, तेव्हा बर्जिल्लय आणि त्याचे सोबती त्याच्या लोकांसाठी अन्न घेऊन आले. त्या यादीत शेंगा आहेत, मसूर आहे आणि पनीरही आहे. शिवाय अंथरुणे आणि भांडीही आहेत. रानात हे लोक भुकेले, थकलेले आणि तहानलेले असतील, हे ओळखून त्यांनी ती यादी केली होती.

काकूंचे उत्तर परवाच आले. "डाळीचे पैसे पाठवते आहे. आणि आमच्या सूनबाईला सांगितले आहे, बाळाला वरचे पाणी देऊ नकोस, तळाची डाळ दे."

प्रभूच्या सेवेत,
आपली बहीण