शिक्षा आधी, सुनावणी नंतर

मध्य प्रदेशातील बुऱ्हाणपूर हे तापीकाठचे जुने शहर. तेथील लोधीपुऱ्यात दाऊदी बोहरा समाजाची दर्गा-ए-हकीमी आहे आणि मुंबईहूनही भाविक तेथे जात असतात. अशा भाविकांना भाड्याच्या मोटारीने घेऊन जाणारा आपल्या किनारपट्टीवरील एखादा चालक लोधीपुऱ्याच्या वाटेवर वेगमर्यादा ओलांडल्याच्या आरोपावरून अडविला गेला आणि पोलिसांनी त्याचा परवाना काढून घेतला, असे क्षणभर धरून चालू. दंड तो भरील. परंतु परवाना गेला म्हणजे त्याची रोजी गेली. घर पाचशे किलोमीटरवर, हाती हिंदीत लिहिलेली एक पावती, आणि पुढे काय करावयाचे हे सांगणारा कोणी नाही. केळीची गाडी घेऊन कोकणात उतरलेल्या लोधीपुऱ्याच्या चालकावर हाच प्रसंग ओढवला तर त्याच्या हाती मराठी कागद पडेल. अडचण मात्र तीच.

या पावतीचेच महत्त्व आम्हांस वाचकांच्या नजरेस आणावयाचे आहे. १९८८ च्या मोटार वाहन कायद्याच्या २०६ व्या कलमानुसार परवाना जप्त करणाऱ्या अधिकाऱ्याने तात्पुरती पोच द्यावी आणि त्या पोचेवर चालकास गाडी चालविता यावी, अशी मूळ योजना होती. २०१९ च्या दुरुस्तीने या कलमास चौथे पोटकलम जोडले. अतिवेग, धोकादायक वाहनचालन, मद्यप्राशन, शर्यत, असुरक्षित वाहन, दुचाकीवर तिसरा स्वार, शिरस्त्राणाचा अभाव, रुग्णवाहिकेस वाट न देणे, या गुन्ह्यांत परवाना जप्त करून परिवहन प्राधिकाऱ्याकडे पाठवावयाचा. पोच द्यावयाची, पण परवाना परत मिळेपर्यंत त्या पोचेवर गाडी चालविता येणार नाही. पुढे १९ व्या कलमानुसार प्राधिकाऱ्याने चालकाचे म्हणणे ऐकावयाचे आणि एक तर त्यास मुक्त करावयाचे, नाही तर सविस्तर लेखी कारणे देऊन पहिल्या गुन्ह्यास तीन महिने अपात्र ठरवावयाचे. दुसऱ्या गुन्ह्यास परवानाच रद्द. ही सुनावणी किती दिवसांत व्हावी याची मुदत कलमात घातलेली नाही. सुनावणीपूर्वी गेलेल्या दिवसांची वजावट मिळेल असेही तेथे म्हटलेले नाही. म्हणजे निर्दोष ठरणाऱ्यासही शिक्षा भोगूनच निर्दोष ठरावे लागते!

आम्ही बेफाम चालकांची वकिली करीत नाही, हे येथेच स्पष्ट केलेले बरे. २०२२ या एका वर्षात देशातील रस्त्यांवर १,६८,४९१ माणसे प्राणास मुकली. २००६ साली वांद्र्याच्या कार्टर रोडवर पदपथावर झोपलेले सात मजूर मोटारीखाली चिरडले गेले, आणि त्या चालकाची तीन वर्षांची कैद सर्वोच्च न्यायालयाने २०१२ साली कायम केली. ते उचितच झाले. मद्यधुंद माणसास तत्क्षणी चाकापासून दूर केलेच पाहिजे. परंतु शिरस्त्राण विसरलेला आणि मद्याच्या अंमलाखाली गाडी हाकणारा यांना एकाच दोरीने बांधणे हा न्याय नव्हे.

बचाव म्हणजे कायद्यातील पळवाट, असा एक समज आपल्याकडे रूढ आहे. वस्तुतः बचावाची साधने कायद्यानेच दिलेली आहेत. केवळ एका साक्षीदाराच्या अंदाजावरून अतिवेगाचा गुन्हा शाबीत होत नाही. यंत्राने केलेले मोजमाप लागते, असे १८३ वे कलम सांगते. अतिवेग किंवा धोकादायक वाहनचालन यांसाठी जागीच समज दिलेली नसेल, तर सर्वसाधारणपणे चौदा दिवसांत नोटीस किंवा अठ्ठावीस दिवसांत समन्स हवे, असे २०९ वे कलम म्हणते. मद्यप्राशनास १०० मिलिलिटर रक्तात ३० मिलिग्रॅम ही मर्यादा आहे आणि ती चाचणीनेच सिद्ध व्हावी लागते. महाराष्ट्रातून गेलेल्या एका अपिलात १९७१ सालीच सर्वोच्च न्यायालयाने म्हटले होते, की श्वासाचा वास, डळमळती चाल आणि असंबद्ध बोलणे एवढ्यावरून चालक नशेत होता असे निश्चितपणे धरता येत नाही. पोलीस परवाना जप्त करून पाठवू शकतात. निलंबनाचा अधिकार मात्र परवाना प्राधिकाऱ्याचा आहे, असा निर्वाळा कलकत्ता उच्च न्यायालयाने २०२२ साली दिला. अपात्रतेच्या हुकुमावर तीस दिवसांत अपील करता येते.

हे सारे ज्यास ठाऊक आहे त्याच्या पदरी वकील असतो. ज्यास ठाऊक नाही तो ‘गुन्हा कबूल’ म्हणून मोकळा होतो आणि परवाना गमावल्यावर पोटासाठी पुन्हा चाक हाती घेतो. अपात्र असताना गाडी चालविल्यास तीन महिन्यांपर्यंत कैद किंवा दहा हजार रुपये दंड, किंवा दोन्हीही. एका चुकीतून दुसरा गुन्हा उपजतो तो असा.

यावर उपाय अवघड नाहीत. परवाना जप्त झाल्यापासून दहा दिवसांत सुनावणी व्हावी. न झाल्यास, मद्यप्राशन व शर्यत हे गुन्हे वगळून, पोचेवर गाडी चालविण्याची मुभा असावी. परराज्यातील चालकास आपल्या गावच्या परिवहन कार्यालयातूनच म्हणणे मांडता यावे. पोचेवर अपिलाची मुदत व सुनावणीचा हक्क चालकाच्या भाषेत छापलेला असावा. आणि जिल्हा विधिसेवा प्राधिकरणाने आठवड्यातून एक दिवस परिवहन कार्यालयात वकील बसवावा. १९८७ च्या विधिसेवा कायद्यातील ‘न्यायालय’ या संज्ञेत निमन्यायिक अधिकार वापरणारी प्राधिकरणेही येतात. तेव्हा पात्र गरीब चालकास ही मदत देण्यास नवा कायदा नको, केवळ इच्छा हवी.

१९७६ च्या घटनादुरुस्तीने आलेल्या राज्यघटनेच्या ३९-अ या अनुच्छेदाने निःशुल्क विधिसाहाय्याचे आश्वासन दिलेले आहे. ते खुनाच्या आरोपीपर्यंत पोहोचावे आणि चाकावर पोट असलेल्यापर्यंत पोहोचू नये, यात संगती नाही. रस्त्यावर शिस्त हवी, ती कठोरही हवी. पण आधी ऐकावे आणि मग शिक्षा द्यावी, हा क्रम तिने उलटवू नये.