बांधावरच्या झाडांचा हिशेब

बीडहून मांजरसुंब्याचा घाट चढून केजच्या रस्त्याला लागलं, की नेकनूर येतं. बालाघाटच्या डोंगररांगेवरचं, आठवडी बाजाराचं गाव. दसऱ्याच्या आगेमागे या पट्ट्यात रस्त्याच्या कडेला सीताफळांच्या टोपल्या मांडलेल्या दिसतात. तरीही 'झाडांवर चालणारी घरं' म्हटलं, की लोकांना आठवतात ती गडचिरोलीची किंवा मेळघाटची. बीडमध्ये कुठलं आलंय जंगल?

जंगल थोडं आहे, हे खरंच. पाटोदा तालुक्यातलं नायगावचं मयूर अभयारण्य 1994 साली जाहीर झालं, ते सुमारे तीस चौरस किलोमीटरचं. बाकी उघडे डोंगर, गायरानं आणि कोरडवाहू रानं. पण झाडाची कमाई मिळायला वनखात्याचं जंगलच लागतं, हा समज चुकीचा आहे. जगातल्या 40 टक्क्यांहून अधिक शेतजमिनीवर किमान दहा टक्के भाग झाडांच्या सावलीखाली आहे. भारताने तर 2014 मध्ये कृषी-वनीकरणाचं स्वतंत्र राष्ट्रीय धोरण आणलं. असं धोरण करणारा तो जगातला पहिला देश.

दुसरा समज त्याहून खोल रुजलेला: झाडातून मिळतं ते चिल्लर, खरं उत्पन्न पिकाचं. 'सिफोर' या आंतरराष्ट्रीय वनसंशोधन संस्थेने 24 देशांतल्या सुमारे 8,000 ग्रामीण कुटुंबांचा घरखर्च आणि कमाई बारकाईने नोंदवली. 2014 मध्ये निष्कर्ष आले. या कुटुंबांच्या उत्पन्नात 28 टक्के वाटा जंगल, माळ, ओढे अशा निसर्गातून येणाऱ्या वस्तूंचा होता. जवळजवळ पिकांच्या उत्पन्नाइतका. ती गावं जंगलांच्या आसपासची होती, म्हणून हा आकडा जसाच्या तसा नेकनूरला लावता येणार नाही. मात्र ही कमाई हिशेबातून का निसटते, त्याचं कारण इथेही तेच आहे. ती पिकासारखी एकदम, पट्टीवर लिहून येत नाही. थोडी थोडी येते, बरीचशी घरातच वापरली जाते आणि पुष्कळदा बायकांच्या हातून येते.

आणि येते ती नेमकी रानात काम नसतं तेव्हा. उन्हाळ्यात चिंचा झोडपल्या जातात; मग सावलीत बसून त्या फोडायच्या, चिंचोके वेगळे विकायचे. कडबा संपत आला, की शेळ्यांना बाभळीच्या शेंगा. पावसाच्या तोंडाला कडुनिंबाखाली निंबोळ्यांचा सडा पडतो. पाच किलो निंबोळीचं पीठ रात्रभर भिजवून गाळलं, की शंभर लिटर पाण्यात पाच टक्क्यांचा अर्क होतो आणि फवारणीचा एक खर्च वाचतो. पावसाळा सरताना सीताफळ, थंडीत बोरं. साडेसहाशे मिलिमीटरच्या आसपास पाऊस, तोही बेभरवशाचा, अशा जिल्ह्यात ही रांग म्हणजे फार मोठा आधार.

सीताफळाबद्दल तर गैरसमजांची रासच आहे. नावात सीता असली तरी हे झाड मूळचं अमेरिकेच्या उष्ण प्रदेशातलं. बालाघाटात ते इतकं मुरलं, कारण खडकाळ मुरमाड जमीन त्याला चालते, पाणी थोडं लागतं आणि शेळ्या त्याचा पाला खात नाहीत. चराईने उघड्या पडलेल्या डोंगरावरही ते म्हणूनच टिकतं. 'रानमेवा' म्हणून त्याला कमी लेखणाऱ्यांनी दोन गोष्टी लक्षात घ्याव्यात. अंबाजोगाईला सीताफळाचं स्वतंत्र संशोधन केंद्र आहे आणि 'धारूर-6' हे वाण तिथलंच. बीडच्या सीताफळाला 2016 मध्ये भौगोलिक मानांकनही मिळालं. अडचण आहे ती फळाच्या स्वभावाची. डोळे उघडले, की तोडायचं. दोन-चार दिवसांत ते पिकून मऊ होतं. शीतगृह नाही, गर काढायची सोय जवळ नाही, मग संध्याकाळ झाली की टोपली मिळेल त्या भावात द्यावी लागते. मानांकनाचा कागद ही घाई थांबवू शकत नाही. त्यासाठी डोंगराच्या पायथ्याशी गर काढण्याची सोय हवी. हंगाम संपता संपता याच भागातली हजारो कुटुंबं कोयता घेऊन ऊसतोडीला निघतात, हे लक्षात घेतलं तर ती सोय किती मोलाची, ते कळतं.

बांधावरचं झाड पीक मारतं, ही तक्रार मात्र अर्धी खरी आहे. दाट सावलीत ज्वारी बारीक राहते, हे कोणीही शेतकरी दाखवून देईल. पण कोणतं झाड, कुठे आणि फांद्या कधी छाटलेल्या, यावर सगळं ठरतं. आफ्रिकेतला नायजर देश मराठवाड्यापेक्षा किती तरी कोरडा. तिथल्या मरादी भागात 1980 च्या दशकात ऑस्ट्रेलियन कृषितज्ज्ञ टोनी रिनाडो यांच्या लक्षात आलं, की उजाड दिसणाऱ्या शेतांत तोडलेल्या झाडांचे बुंधे जिवंत आहेत. शेतकरी त्यातले दोन-चार जोमदार फुटवे राखू लागले, बाकीचे छाटून सरपणाला नेऊ लागले. देशात सुमारे 50 लाख हेक्टर जमीन अशी पुन्हा झाडांची झाली, बहुतेक ठिकाणी एकही रोप न लावता.

महाराष्ट्राने मात्र 2019 मध्ये 33 कोटी रोपांचं लक्ष्य ठेवलं होतं. झाडं वाढवायची म्हणजे खड्डे खणायचे, हे समीकरण त्यातून आणखी पक्कं झालं. शेतातलं कुठलंही झाड तोडायला परवानगी लागते, मग लावायचं कशाला, अशी भीतीही आहे. पण राज्याच्या 1964 च्या वृक्षतोड कायद्यात परवानगी लागणाऱ्या झाडांची ठरावीक यादी, म्हणजे अनुसूची आहे. चिंच, आंबा, जांभूळ, साग त्यात आहेत. बोर आणि बाभूळ नाहीत. त्या बोरी-बाभळी तर कोणी लावतही नाही. बुंध्यातून किंवा बियांतून त्या आपोआप उगवतात, आणि उन्हाळ्यात बांध पेटवला की आधी तेच कोंब जळतात.