दुय्यम सामग्री आणि गृहीतकाची मांडणी : दिल्ली-एनसीआरमधील आरओ यंत्राचे उदाहरण

विपणन संशोधनात सामग्री दोन प्रकारची असते. आपल्या प्रश्नासाठी आपण स्वतः गोळा करतो ती प्राथमिक सामग्री. दुसऱ्या कोणी, दुसऱ्या कारणासाठी आधीच गोळा करून ठेवलेली ती दुय्यम सामग्री. ही व्याख्या परीक्षेत बहुतेकांना येते. प्रकल्प करताना मात्र त्यातले ‘दुसऱ्या कारणासाठी’ हे शब्द विसरले जातात.

समजा, एका कंपनीला दिल्ली-एनसीआरमध्ये घरगुती आरओ जलशुद्धीकरण यंत्र विकायचे आहे. ही यंत्रे कोणती कुटुंबे घेतात आणि का घेतात, हा तिचा प्रश्न आहे. प्रश्नावली घेऊन दारोदार फिरण्याआधी तुम्ही उपलब्ध आकडे पाहाल, आणि ते योग्यच आहे. त्यात वेळ व पैसा वाचतो आणि काय विचारायचे हेही स्पष्ट होते.

पहिला आकडा लोकसंख्येचा. २०११ च्या जनगणनेत दिल्लीची लोकसंख्या १,६७,८७,९४१ होती. पण कंपनीची बाजारपेठ दिल्लीपुरती नाही. एनसीआरमध्ये दिल्लीबरोबर हरियाणा, उत्तर प्रदेश आणि राजस्थानचे जिल्हे येतात, तर जनगणनेचे तक्ते राज्य आणि जिल्ह्यानुसार असतात. म्हणजे बेरीज तुम्हालाच करावी लागेल. गाझियाबाद ४६,८१,६४५, फरिदाबाद १८,०९,७३३, गौतम बुद्ध नगर (म्हणजे नोएडा-ग्रेटर नोएडा) १६,४८,११५ आणि गुडगाव १५,१४,४३२. हे चार जिल्हे मिळून सुमारे ९६.५ लाख होतात. केवळ दिल्लीचा आकडा घेतला, तर या पाच भागांच्या एकूण लोकसंख्येतली एक तृतीयांशाहून अधिक माणसे तुमच्या हिशेबातून गळतात.

यात आणखी एक खाच आहे. हापुड हा वेगळा जिल्हा जनगणनेनंतर, सप्टेंबर २०११ मध्ये झाला. म्हणून गाझियाबादच्या वरच्या आकड्यात हापुडही आहे. आज कोणी ‘गाझियाबाद अधिक हापुड’ अशी बेरीज करून दाखवली, तर हापुडची माणसे दोनदा मोजली गेली आहेत का, हे तपासा. दिल्लीतही जनगणनेच्या वेळी ९ जिल्हे होते, २०१२ मध्ये ते ११ झाले. नाव तेच राहते, हद्द बदलते.

आकड्याचे वयही पाहा. २००१ ते २०११ या दहा वर्षांत गुडगाव जिल्ह्याची लोकसंख्या सुमारे ७४ टक्क्यांनी वाढली. त्याच काळात नवी दिल्ली जिल्ह्याची सुमारे २१ टक्क्यांनी घटली. अशा परिसरासाठी २०११ चा आकडा सरसकट एकाच दराने पुढे वाढवणे धोक्याचे आहे.

आता पाण्याकडे येऊ. नोव्हेंबर २०१९ मध्ये केंद्रीय ग्राहक व्यवहार मंत्रालयाने भारतीय मानक ब्युरोने केलेल्या नळाच्या पाण्याच्या तपासणीचे निकाल जाहीर केले. मुंबईचे सर्व १० नमुने मानकात बसले, दिल्लीचे सर्व ११ नमुने नापास झाले. दिल्ली जल बोर्डाने हे निष्कर्ष मान्य केले नाहीत आणि मोठा वाद झाला. वादात बरोबर कोण, हे ठरवणे तुमचे काम नाही. तुम्ही एवढेच पाहायचे, की दीड कोटीहून जास्त लोकांच्या शहरातून ११ नमुने घेतले होते. नमुने कुठून घेतले? किती निकषांपैकी कोणत्या निकषांवर ते नापास झाले? नळाशी घेतलेला नमुना आणि जलशुद्धीकरण केंद्रातला नमुना यांची तुलना करता येते का? आकडा प्रसिद्ध करणाऱ्याचा आणि नाकारणाऱ्याचाही त्यात काही संबंध असतो, तेही नोंदवून ठेवा.

तरीही ही सामग्री निरुपयोगी नाही. तिच्यावरून दिल्लीचे पाणी वाईट असे सिद्ध होत नाही, पण गृहीतक सुचते. काही पुस्तकांत यालाच परिकल्पना म्हटले आहे. विद्यार्थी बहुधा असे लिहितात : ‘पाणी खराब असल्याने लोक आरओ घेतात.’ हे गृहीतक म्हणून चालणार नाही. ‘खराब’ मोजता येत नाही, आणि हे विधान चुकीचे ठरवायचे कसे तेही कळत नाही.

मोजमाप मानकातच सापडते. भारतीय मानक १०५०० नुसार पिण्याच्या पाण्यात विरघळलेल्या एकूण घन पदार्थांची, म्हणजे टीडीएसची, स्वीकार्य मर्यादा लिटरला ५०० मिलिग्रॅम आहे. दुसरा स्रोत नसेल तर २००० पर्यंत चालते. मग गृहीतक असे होईल : ‘ज्या घरांत नळाच्या पाण्याचा टीडीएस ५०० पेक्षा जास्त आहे, त्या घरांत आरओ असण्याचे प्रमाण इतर घरांपेक्षा जास्त आहे.’ शून्य गृहीतक म्हणेल, दोन्ही गटांत प्रमाण सारखेच आहे. हे तपासता येते : टीडीएस मीटर, दोनशे-तीनशे घरे, आणि काय-वर्ग चाचणी. (मोजणी नळाच्या पाण्याची करा, यंत्रातून बाहेर आलेल्या पाण्याची नव्हे. ही चूक दरवर्षी कोणत्या तरी गटाकडून होतेच.)

समोर प्रतिस्पर्धी गृहीतकही ठेवा. लोक टीडीएसमुळे नव्हे, तर बातम्या आणि जाहिराती पाहून यंत्र घेत असतील. किंवा उत्पन्न हेच खरे कारण असेल, आणि जास्त टीडीएसची घरे योगायोगाने सुखवस्तू वस्तीत असतील. म्हणून सारख्या उत्पन्नाच्या घरांची आपसात तुलना करावी लागते. भाडेकरू तर यंत्र न घेता वीस लिटरचा जार मागवतो. त्याला ‘आरओ नाही’ या रकान्यात टाकले, की निष्कर्ष बिघडला.

यातले कोणते गृहीतक टिकते, यावर कंपनीचे पैसे अवलंबून आहेत. राष्ट्रीय हरित लवादाने मे २०१९ मध्ये पर्यावरण मंत्रालयाला सांगितले होते, की जिथे टीडीएस ५०० पेक्षा कमी आहे तिथे आरओ वापरास मनाई करणारे नियम करावेत. आरओ पाण्याचा मोठा भाग वाया घालवते, हे त्यामागचे एक कारण. कंपनीचे बहुतेक ग्राहक कमी टीडीएसच्या भागात निघाले, तर तिची विक्री गरजेवर नव्हे, भीतीवर उभी आहे, आणि अशा नियमाने तो बाजार बंद होऊ शकतो. मग त्या भागात साधे अतिनील किरणांचे यंत्र विकणे ग्राहकाच्या आणि कंपनीच्याही हिताचे.

शेवटी पद्धतीची एक गोष्ट. ज्या आकड्यांवरून गृहीतक सुचले, त्याच आकड्यांवर ते तपासू नका. ते खरे ठरणारच. पानिपत आणि अलवर वगळून फक्त नोएडाच्या चार सेक्टरांतली घरे घेतली असतील, तर अहवालाच्या शीर्षकात ‘एनसीआर’ लिहू नका, त्या सेक्टरांची नावे लिहा.