कुलूप-किल्ली (भाग 7) : घड्याळाची चुगली

जून 2022 मध्ये अमरावती-अकोला महामार्गावर लोणी ते माना या टप्प्यात 75 किलोमीटर लांबीचा एकपदरी डांबरी थर न थांबता 105 तास 33 मिनिटांत अंथरला गेला आणि गिनीज बुकात नोंद झाली. तिथे घड्याळ लावून बसले होते ते विक्रम मोजायला. या भागातल्या गोष्टीतही कोणीतरी घड्याळ लावून बसलाय, पण तो चोर आहे आणि मोजतोय सेकंदाचा अब्जावा हिस्सा.

वेबहुक म्हणजे एका सर्व्हरनं दुसऱ्याला आपणहून धाडलेला निरोप, हे मागच्या भागात आलंच आहे. समजा, अमरावतीचा एखादा क्लास मुलांना हॉलतिकिटं ई-मेलनं पाठवतो. मेल पोचला की परत आला, हे मेल पाठवणारी सेवा क्लासच्या सर्व्हरला वेबहुकनं कळवते. ‘पत्ता चुकीचा’ असा निरोप आला की पुष्कळ प्रणाली त्या पत्त्यावर पुढचे मेल धाडणंच बंद करतात. कोणी खोटाच निरोप घुसवला, तर मुलगा इनबॉक्स उघडून बसतो आणि हॉलतिकीट काही येत नाही. म्हणून निरोपासोबत एक गुप्त शब्द लागतो.

पायथनमधल्या जँगो या फ्रेमवर्कसाठी ‘एनीमेल’ नावाचं जोडसॉफ्टवेअर आहे. तेही हा गुप्त शब्द तपासत होतं आणि तपासणी चूकही नव्हती. बरोबर शब्दाला आत, चुकीच्याला बाहेर. तरी फेब्रुवारी 2018 मध्ये त्यात दोष निघाला. सीव्हीई-2018-6596 हा त्याचा जाहीर क्रमांक.

दोष होता तपासायला लागणाऱ्या वेळेत. दोन शब्द ताडून पाहताना संगणक डावीकडून सुरुवात करतो आणि पहिला फरक दिसला की थांबतो. (अकोल्याचा प्रोग्रामर इथे विचारणारच, “मंग थांबू नाई तं काय करू?”) पण पहिलंच अक्षर चुकलं तर नकार किंचित लवकर येतो, पहिली तीन जुळली तर किंचित उशिरा. ब्रीफकेसच्या आकडी कुलपाचं प्रत्येक चाक बरोबर आकड्यावर ‘टक्’ वाजावं, तसंच हे. सोळा चिन्हांतून निवडलेला आठ अक्षरी शब्द आंधळेपणानं शोधायचा तर सुमारे 429 कोटी शक्यता. एकेक अक्षर वाजू लागलं की 16 गुणिले 8, म्हणजे फार तर 128. इंटरनेटच्या गोंगाटात हा फरक बुडतो खरा, पण तोच प्रयत्न हजारो वेळा करून सरासरी काढता येते.

दुरुस्ती इतकी छोटी, की पाहणाऱ्याला हसू यावं. साध्या तुलनेच्या जागी ‘कॉन्स्टंट टाइम कम्पेअर’ हे जँगोतच तयार असलेलं फंक्शन बसवलं. फरक पहिल्या अक्षरात सापडो की शेवटच्या, ते शेवटपर्यंत वाचतं आणि मगच उत्तर देतं. एनीमेलमध्ये एकाहून जास्त गुप्त शब्द चालतात. त्यांतला एक जुळला की बाकीचे तपासायचं सोडलं तर चालेल का? चालेल. शब्द किती आहेत हे लपवायचं नाही, प्रत्येक शब्दात काय आहे ते लपवायचंय, अशी टीप दुरुस्ती करणाऱ्यानं कोडमध्येच लिहून ठेवली. अशा टिपा दुर्मीळ असतात.

त्याच महिन्यात दुसरी गळती निघाली, आणि ती नावामुळे. चूक झाली की जँगो जो अहवाल तयार करतो, त्यात ‘सिक्रेट’, ‘की’, ‘पास’ असे शब्द नावात असलेल्या सेटिंगच्या किमती तो झाकतो. एनीमेलच्या सेटिंगचं नाव होतं ‘वेबहुक ऑथोरायझेशन’. त्यात यातलं काहीच नव्हतं, त्यामुळे गुप्त शब्द अहवालात उघडा पडू शकत होता. 1.4 या आवृत्तीत सेटिंगचं नाव बदलून ‘वेबहुक सिक्रेट’ केलं.

नवी आवृत्ती घातली तरी आधीच फुटलेला शब्द फुटलेलाच राहतो. तो बदलताना एकापेक्षा जास्त शब्द ठेवायची सोय कामी येते. आधी नवा शब्द जुन्याच्या शेजारी ठेवायचा, मग मेल सेवेच्या पॅनलमध्ये नवा भरायचा आणि नव्या शब्दानिशी निरोप येऊ लागले की जुना काढून टाकायचा. मधल्या वेळात एकही हॉलतिकीट अडत नाही.