वडखळला अडकलेला ठिपका

गणपतीच्या आदल्या एक-दोन रात्री मुंबई-गोवा महामार्गावर वडखळ नाक्याला काय होतं, ते कोकणातल्या माणसाला वेगळं सांगायला नको. पेणकडून आलेल्या गाड्यांतल्या काही उजवीकडे अलिबागला वळू पाहतात, बाकीच्यांना नागोठणं-कोलाडकडे सरळ जायचं असतं, आणि सगळं ठप्प होतं. पूर्वी गावाकडून तासातासाला फोन यायचा, ‘कुठवर आलात?’ आता निघतानाच घरच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर लाइव्ह लोकेशन टाकलं जातं. पंधरा मिनिटं, एक तास किंवा आठ तास, असे तीन पर्याय असतात. चाकरमानी आठ तासच निवडतो. गावाला आई चष्मा लावून बघते, तर नकाशावर वडखळ, त्यावर लेकाच्या फोटोचा गोल ठिपका, आणि तो काही केल्या हलत नाही.

हा ठिपका तिच्यापर्यंत कसा पोचतो, हे मी जितकं समजून घेतलं तितका थक्क होत गेलो.

सुरुवात होते 20,200 किलोमीटर उंचीवर. तिथून फिरणाऱ्या जीपीएस उपग्रहांपैकी निदान चारांचे संदेश फोन ऐकतो आणि ते किती वेळात पोचले यावरून आपली जागा काढतो. फोन इथे फक्त ऐकतो, उपग्रहांना त्याचा पत्ताही नसतो. हाती येतात दोन आकडे : अठरा पूर्णांक काही अंश उत्तर, त्र्याहत्तरच्या आसपास पूर्व. दशांशचिन्हानंतरचं पाचवं घर म्हणजे जमिनीवरचा जेमतेम एक मीटर. फोनचा अंदाज काही मीटर इकडेतिकडे होतो, पण गाडी पंपावर आहे की हॉटेलपाशी, एवढं कळायला तो पुरतो.

असे आकडे साठत गेले की माणूस उघडा पडतो. 2013 साली एका संशोधनात पंधरा लाख लोकांच्या पंधरा महिन्यांच्या मोबाइल नोंदी तपासल्या. नावं काढून टाकलेली, जागा फक्त टॉवरच्या टप्प्याइतकी ढोबळ. तरीही कोण कुठे, केव्हा होतं याचे चार ठिपके हातात असले, की 95 टक्के लोक त्या गर्दीतून वेगळे काढता येत होते. जुलै 2024 मध्ये न्यायमूर्ती अभय ओक आणि न्यायमूर्ती उज्ज्वल भुयान यांनी सर्वोच्च न्यायालयात निर्णय दिला, की आरोपीच्या हालचालींवर पोलिसांना सतत नजर ठेवता येईल अशी अट जामिनाला घालता येणार नाही, तो खासगीपणाच्या हक्काचा भंग आहे. मला तो निर्णय फार मोलाचा वाटतो.

आता मजा बघा. वडखळचे ते दोन आकडे आईकडे थेट जात नाहीत, व्हॉट्सॲपच्या सर्व्हरमधून जातात. सर्व्हर ते हातात घेतो, पुढे देतो, आणि त्याला ते वाचता येत नाहीत. आकडे लेकाच्या फोनमध्येच कुलूपबंद होतात आणि आईच्याच फोनमध्ये उघडतात. मग किल्ली तिच्याकडे कशी गेली? त्यामागे 1976 साली व्हिटफील्ड डिफी आणि मार्टिन हेलमन यांनी मांडलेली कल्पना आहे. दोघांनी उघड्यावर, सगळ्यांच्या देखत काही आकडे एकमेकांना द्यायचे, आणि तरीही शेवटी दोघांकडे असा एक समान आकडा उरतो, जो ऐकणाऱ्या तिसऱ्याला काढता येत नाही. फोन हाच रस्ता वापरून ग्रुपमधल्या प्रत्येकाला सुरुवातीची किल्ली वेगवेगळी पोचवतो.

दर ठिपक्याला नवी किल्ली लागते, आणि ती आधीच्या किल्लीतून तयार होते, एका अशा गणिताने जे पुढे सहज चालतं, पण उलटं फिरवता येत नाही. वापरलेली किल्ली पुसली जाते. त्यामुळे आजची किल्ली चोराच्या हाती लागली तरी मघाचा ठिपका त्याला वाचता येत नाही.

पण मधेच रेंज जाते! मधले शेकडो ठिपके आईच्या फोनला मिळतच नाहीत. रेंज आली की तिच्या फोनने एकेक किल्ली मोजत पुढे यायचं म्हटलं तर हिशेब फार लांबतो. यावरचा तोडगा मला सगळ्यात सुंदर वाटतो. किल्ल्यांची एकच साखळी न ठेवता त्या गाडीच्या किलोमीटर मोजणाऱ्या चाकांसारख्या लावल्या आहेत. आतलं चाक पुरं फिरलं की बाहेरचं एक घर सरकतं, आणि बाहेरच्याच्या नव्या घरातून आतल्या चाकाची नवी किल्ली जन्मते. मोठी उडी मारायची तर बाहेरची चाकं फिरवून थेट जवळ जायचं. समजा 256 घरांची चार चाकं आहेत. म्हणजे चारशे कोटींहून जास्त किल्ल्या झाल्या, आणि त्यांतली पुढची कुठलीही गाठायला हजारभर पावलं पुरतात. फोनला ती क्षणाचीही वाटत नाहीत.

या कुलपाबाहेर काही गोष्टी उरतातच. कुठल्या फोनने कुठल्या ग्रुपला केव्हा काही पाठवलं, हे सर्व्हरला कळतं. तुम्ही कुठल्या टॉवरच्या टप्प्यात आहात, हे मोबाइल कंपनीला ठाऊक असतं. आणि आईच्या फोनवर नकाशा उमटतो तेव्हा वडखळच्या आसपासचे नकाशाचे तुकडे नकाशावाल्या कंपनीकडून मागवावे लागतात.

ग्रुपमधल्यांपासून तर लपवायचा प्रश्नच नाही, किल्ली त्यांना आपणच दिलेली असते. म्हणून गाडी नागोठण्याला असताना ग्रुपमधून कुणी बाहेर पडलं की उरलेल्यांचे फोन जुन्या किल्ल्या टाकून देतात आणि नव्या वाटून घेतात. गेलेल्याच्या फोनमध्ये जुनी किल्ली राहिली असली, तरी नागोठण्याच्या पुढचा एकही ठिपका तिने उघडत नाही.