संवादिनीवादनातील वादकाची नादमुद्रा : एक विवेचन

प्रस्तावना

परभणी जिल्ह्यातील गावोगावी होणाऱ्या हरिनाम सप्ताहात एक गोष्ट सहज अनुभवास येते. देवळातील पेटी तीच असते. ती बहुधा जुनी, कित्येक वर्षांत सूर न मिळवलेली असते आणि तिचा आवाज कर्ण्यातून फाटून येतो. तरीही मंडपापासून दूर, पारावर बसलेली जाणती मंडळी भजन ऐकता ऐकता सांगतात की आता पेटीवर अमुक बुवा बसले आहेत. वाद्याचा मूळ नाद जवळजवळ नष्ट झालेला असतानाही वादक ओळखू येतो, तो कशावरून? प्रस्तुत लेखात या प्रश्नाचा विचार संवादिनी, म्हणजेच हार्मोनियम, या वाद्याच्या संदर्भात करण्याचा प्रयत्न केला आहे.

सतार, गिटार यांसारख्या तंतुवाद्यांत हा प्रश्न गुंतागुंतीचा होतो. तेथे वादकाची बोटे प्रत्यक्ष तारेला भिडतात. तार घोडीजवळ छेडली तर नाद तीक्ष्ण होतो, मध्याकडे छेडली तर मृदू होतो. म्हणजे नादाची जात काही अंशी वादकाचा हातच ठरवतो. शिवाय मोठे वादक वाद्यच आपल्या शैलीप्रमाणे घडवून घेतात. उस्ताद विलायत खाँ आणि पंडित रविशंकर यांच्या सतारींची तारांची मांडणीच भिन्न होती. त्यामुळे ऐकणाऱ्याने सतार ओळखली की सतारिया, हे निश्चित सांगणे कठीण होते. पेटीत ही अडचण बरीच कमी आहे.

वाद्याची रचना आणि तिच्या मर्यादा

पॅरिस येथे अलेक्झांद्र दबें यांनी १८४२ मध्ये हार्मोनियमचे पेटंट घेतले. पायाने भाता चालवण्याच्या या वाद्याचे हातपेटीत रूपांतर एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात कलकत्त्यात झाले, आणि त्या संदर्भात द्वारकानाथ घोष यांचे नाव प्रामुख्याने घेतले जाते. पेटीत नाद निर्माण करते ती पितळेची पातळ जीभ. कारागीर तिला 'सूर' म्हणतात. या सुराची लांबी व जाडी पेटी बनतानाच ठरलेली असते. पट्टी दाबली की झडप उघडते आणि हवा सुरातून वाहते. पियानोप्रमाणे पट्टी जोराने दाबल्याने आवाज मोठा होत नाही. आवाजाचे लहानमोठेपण भात्याच्या दाबावर अवलंबून असते, आणि आतील दुसरा भाता तो दाबही बराचसा सारखा करून टाकतो. अर्थात वादकाचे बोट नादाच्या उगमापर्यंत पोहोचतच नाही.

याच कारणांमुळे हे वाद्य निर्जीव व यांत्रिक ठरवले गेले. त्यात मींड निघत नाही, श्रुती दाखवता येत नाहीत, हे आक्षेप चुकीचे नव्हते. आकाशवाणीने १९४० मध्ये हार्मोनियमवर बंदी घातली, ती १९७१ मध्ये अंशतः उठवण्यात आली. मात्र 'मींड नाही' या विधानावरून 'व्यक्तित्व नाही' असा निष्कर्ष निघत नाही. त्या काळातील चर्चेत या दोन गोष्टींची सरमिसळ झाली, असे प्रस्तुत लेखकाचे मत आहे.

मुद्रा कोठे असते?

महाराष्ट्राची संवादिनी परंपरा पाहिली तर व्यक्तित्वाचा पुरावा भरपूर मिळतो. गोविंदराव टेंबे, ध्वनिमुद्रिकांमुळे घरोघरी पोहोचलेले पी. मधुकर, त्यांचे शिष्य बोरीचे पं. तुळशीदास बोरकर, नाट्यसंगीताच्या साथीत हयात घालवलेले पं. गोविंदराव पटवर्धन आणि आपल्या मराठवाड्यात जालन्याजवळील जळगावचे पं. आप्पा जळगावकर अशी ही मालिका आहे. मुरलेला श्रोता पटवर्धनांची पेटी आणि जळगावकरांची पेटी यांत सहसा गल्लत करत नाही, मग ध्वनिमुद्रण कितीही जुने असो.

नादाची जात हाती नसल्यावर वादकाकडे उरतो तो काळ. पट्टी केव्हा दाबली, केव्हा सोडली, आणि एक पट्टी सुटण्याआधी दुसरी दाबली गेली की नंतर, या सेकंदाच्या लहानशा अंशांतच मुद्रेचा मोठा भाग साठलेला असतो. दोन स्वर क्षणभर एकमेकांवर चढले तर मींडेचा भास होतो, त्यांच्यात सूक्ष्म फट राहिली तर तंतकारीचा. कणस्वर मुख्य स्वराला किती जवळून स्पर्श करतो, हेही प्रत्येकाचे निराळे असते. त्यानंतर येतो भाता. स्वर सुरू झाल्यावर फुगवायचा की सुरुवातीलाच भरून मग ओसरू द्यायचा, याची डाव्या हाताला जडलेली सवय सहसा सुटत नाही. पट्टी अर्धवट दाबून स्वर किंचित बारीक करणारे वादकही आहेत.

ही केवळ बोटांची सवय आहे, असा आक्षेप येथे संभवतो. परंतु साथीदाराला आज काळी एकमध्ये, तर उद्या काळी पाचमध्ये वाजवावे लागते. षड्ज बदलला की काळ्या-पांढऱ्या पट्ट्यांचा सारा नकाशा बदलतो आणि बोटांची चाल नव्याने बसवावी लागते. (सरकत्या पट्ट्यांच्या पेटीची सोय सर्वांनाच परवडत नाही.) तरीही मुद्रा तीच राहते. तेव्हा ती बोटांत असण्यापेक्षा वादकाच्या कानात, स्वरवाक्याच्या त्याच्या कल्पनेत अधिक असावी, असे मानावे लागते.

साथीत ती सर्वाधिक उघडी पडते. गायकाची तान चालू असताना काही वादक सावलीसारखे लगोलग मागे जातात, तर काही वाक्य पुरे होऊ देतात आणि गायकाच्या श्वासाच्या जागेत त्याचे शेवटचे टोक तेवढे उचलतात. न वाजवण्याच्या जागाही ओळखीच्या होतात. उलट नुसता षड्ज भरून ठेवला असता कोणाचाही हात ओळखू येणार नाही, आणि तबल्याच्या स्वतंत्र वादनाला लेहरा धरताना मुद्रा जवळजवळ पुसली जाते. लेहऱ्यात तशी अपेक्षाच असते.

पाश्चात्त्य चर्चऑर्गनही याबाबतीत पेटीचा भाऊबंद आहे. २०११ मध्ये ब्रुनो जँग्रा व त्यांच्या सहकाऱ्यांनी प्रसिद्ध केलेल्या प्रयोगात सहा ऑर्गनवादकांनी वाजवलेल्या एकाच रचनेची ध्वनिमुद्रणे २० संगीतज्ञ व २० सामान्य श्रोत्यांना वादकवार वेगळी करण्यास सांगितले होते. बहुतेकांना ते निव्वळ योगायोगाने जमेल त्यापेक्षा लक्षणीय प्रमाणात अधिक जमले. विशेष म्हणजे संगीतज्ञ व सामान्य श्रोते यांच्यात लक्षणीय फरक आढळला नाही. पारावरच्या मंडळींना हे वाचून आश्चर्य वाटणार नाही.

अध्यापनाच्या दृष्टीने

असाच प्रयोग महाविद्यालयाच्या पातळीवर अल्प खर्चात करता येईल. १९८३ पासून प्रचारात असलेल्या मिडी पद्धतीत कीबोर्ड नाद साठवत नाही. कोणती पट्टी, केव्हा, किती वेळ, अशा गोष्टी तो नोंदवतो. तीन-चार विद्यार्थ्यांकडून एकच गत वाजवून घ्यावी आणि ती बासरीच्या, पियानोच्या अशा परक्या नादांत वर्गाला ऐकवावी. भाता येथे गैरहजर असल्याने मुद्रेचा तेवढा भाग गळेल, परंतु कोणता भाग काळाचा व कोणता भात्याचा हे वेगळे करण्यास तेच उपयोगी पडेल. प्रात्यक्षिक परीक्षेत आपण स्वरशुद्धता, लय व पाठांतर यांना गुण देतो. गुरूच्या ध्वनिमुद्रणाची हुबेहूब नक्कल करणारा आणि स्वतःचे स्वरवाक्य शोधणारा विद्यार्थी यांच्यात त्या गुणपत्रिकेवर फरक उरत नाही.

आपल्या भागातील भजनी मंडळांचे जुने पेटीवादक वृद्ध झाले आहेत. त्यांच्या चालींचे स्वरलेखन काही ठिकाणी होते, पण स्वरलिपीत नेमका तो सेकंदाचा अंश उतरत नाही. चांगली यंत्रसामग्री मिळाल्यावर ध्वनिमुद्रण करू, असे म्हणून हे काम पुढे ढकलले जाते. वास्तविक ज्या गोष्टीसाठी हे मुद्रण करायचे ती कर्ण्यातूनही टिकते, त्यामुळे सप्ताहात खांबाजवळ ठेवलेला साधा मोबाईलही त्यासाठी पुरेसा आहे. वादकाचे नाव, गाव, त्याचा गुरू आणि त्या दिवशीचा षड्ज यांची नोंद मात्र त्याच वेळी करून ठेवावी लागेल.